हातातलं शास्त्र, कानातलं शास्त्र

“कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत.” हे वाक्य मी आईच्या माहेरी, नगर जिल्ह्यात, लहानपणापासून ऐकत आले. “प्रोटेस्टंटांना वचनं पाठ असतात, पण गुडघे टेकायचं माहीत नसतं,” हे पपांच्या घरी, वसईत. गेल्या महिन्यात एकाच लग्नाच्या जेवणात दोन्ही वाक्यं कानांवर पडली, दोन वेगळ्या टेबलांवरून. बोलणारे दोघेही शिकलेले, दोघेही दर रविवारी देवळात जाणारे. म्हणून आज या दोन्ही टेबलांशी भांडायचंय.

आधी माझ्या दोन आज्या.

नगरची आजी चूल पेटवायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन पवित्र शास्त्र उघडायची. पुस्तक जाड, काळ्या पुठ्ठ्याचं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. शाळा तिची चौथीपर्यंत. तरी निर्गम कुठे संपतं आणि लेवीय कुठे सुरू होतं ते तिच्या बोटांना ठाऊक. सुट्टीत आम्हा नातवंडांना एक स्तोत्र म्हणून दाखवल्याशिवाय रात्रीचं ताट मिळायचं नाही. पाळकसाहेब घरी आले की सलाम झाल्याबरोबर ती त्यांना रविवारच्या उपदेशातला एखादा संदर्भ चुकला होता ते सांगायची, अध्याय आणि ओवीसकट. पाळकसाहेब मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

वसईच्या आजीला अक्षर येत नव्हतं. तिच्या घरात बायबल नव्हतंच. दिवेलागणीला वाडीतून आली की हातपाय धुवायची, आल्तारापुढे मेणबत्ती लावायची आणि सगळ्या घराला गुडघ्यांवर बसवून जपमाळ सुरू करायची. मधेच थांबून आम्हाला त्या दिवसाच्या रहस्याची गोष्ट सांगायची, तिच्या कादोडी बोलीत. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या देवळात हरवतो आणि मरिया त्याला तीन दिवस शोधते, हे ती असं सांगायची की तो पापडीच्या बाजारात हरवलाय आणि आम्ही सगळे आत्ता शोधायला निघणार आहोत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट आहे, हे मला पुढे नगरच्या आजीकडून कळलं. वसईच्या आजीला अध्याय असतात हेच माहीत नव्हतं.

आता मला सांगा, यांतली कोण बायबलच्या जवळ होती?

*

अमेरिकेत असल्या प्रश्नांची मोजणी होते. प्यू या संशोधन संस्थेनं 2014 मध्ये विचारलं होतं की प्रार्थनासभेच्या बाहेर, आपलं आपण, तुम्ही आठवड्यातून एकदा तरी शास्त्र वाचता का. यहोवाच्या साक्षीदारांपैकी 88 टक्के ‘हो’ म्हणाले, मॉर्मनांपैकी 77. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांत 63 टक्के, कृष्णवर्णीयांच्या परंपरागत प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये 61. जुन्या, प्रतिष्ठित प्रोटेस्टंट पंथांत 30 आणि कॅथलिकांत 25.

आकडे खरे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते प्रश्नाशी. ‘प्रार्थनासभेच्या बाहेर’ आणि ‘वाचता का’, या दोन अटी घातल्या की माझी वसईची आजी थेट ‘कधीच नाही’ या रकान्यात जाते. एकट्यानं, डोळ्यांनी, पुस्तक हातात धरून वाचणं हीच शास्त्राशी जवळीक, हे माप प्रोटेस्टंट घरात तयार झालेलं आहे. त्या मापानं प्रोटेस्टंट उंच भरणारच. ज्यांच्याकडे वचन कानांनी आलं त्यांना याच फूटपट्टीनं मोजून खुजं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

जपमाळेची जुनी पंधरा रहस्यं घ्या. त्यांतली तेरा थेट नव्या करारातली आहेत: देवदूताचा निरोप, जन्म, गेथशेमाने बाग, काट्यांचा मुकुट, क्रूस, पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचं उतरणं. जपाचे मणी दीडशे का? मठांतले शिकलेले साधू दीडशे स्तोत्रं म्हणायचे, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी तेवढ्याच संख्येच्या प्रार्थना धरल्या. म्हणजे जपमाळ ही निरक्षरांची स्तोत्रसंहिताच होती. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच रहस्यं जोडली, तीही येशूच्या बाप्तिस्म्यापासून शेवटच्या भोजनापर्यंतची. आईच्या माहेरच्या टेबलाला माझी विनंती आहे की पुढच्या वेळी माळ ओढणाऱ्या म्हातारीकडे बघून नाक मुरडण्याआधी तिला विचारा, आज कुठलं रहस्य? ती सांगेल ते शुभवर्तमान असेल.

*

आता वसईचं टेबल. तुमचीही सुटका नाही.

पुस्तक आपल्या घरात का नव्हतं, याचं उत्तर ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ एवढं देऊन भागत नाही. पद्धत कोणी पाडली? ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर 1564 मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीबरोबर जे नियम आले, त्यांत लोकभाषेतलं बायबल वाचायचं तर लेखी परवानगी घ्यायची अट होती. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली होती, म्हणजे आपल्या पूर्वजांचा बाप्तिस्मा आणि ही अट जवळपास एकाच काळातले. त्यांना विश्वास मिळाला, सण मिळाले, संत मिळाले. पुस्तक मात्र लॅटिनमध्ये, वेदीवर, फादरच्या हातात राहिलं.

त्या बंद दारातून एका इंग्रज जेझुइटानं वाट काढली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, आणि 1616 मध्ये राचोलला त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, जवळपास अकरा हजार ओव्यांत, मराठीत. बायबलचं भाषांतर करता येत नाही, मग बायबल गाता येईल असं करू, अशी ती युक्ती होती असं मला नेहमी वाटतं. नुकतीच पुराणं सोडून आलेल्या माणसांना ऐकायला पुराण हवं होतं आणि त्यांनी ते दिलं. पुढे 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनं लोकांच्या भाषेवरच फर्मान काढलं, आणि ज्या भाषेत ओव्या गायच्या तीच तोडायचा प्रयत्न झाला.

मग थेट दुसरी व्हॅटिकन परिषद. 18 नोव्हेंबर 1965 चा तिचा दस्तऐवज स्पष्ट म्हणतो की शास्त्राचा मार्ग सर्व श्रद्धावंतांना खुला असला पाहिजे. मिस्सा लोकभाषेत आली. 1969 पासून रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आलं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, जोडीला जुना करार, स्तोत्र आणि पत्रं. जो माणूस तीन वर्षं दर रविवारी वेळेवर येतो त्याच्या कानांवर शुभवर्तमानाचा मोठा भाग पडतो. मुद्दा ‘वेळेवर’ या शब्दाचा आहे. पहिलं वाचन चालू असताना चर्चच्या आवारात स्कूटर लावणारे किती, ते दारात उभं राहून मोजा. तुमचं शास्त्र कानांतून यायचं, तर कान तरी हजर हवेत. आणि रविवारच्या वाचनांत जुन्या कराराचा अगदी थोडा भाग येतो. ईयोब, उपदेशक, आमोस यांची नीट भेट व्हायची तर घरी पुस्तक उघडावंच लागतं. साठ वर्षं झाली परवानगी मिळून. आता पोर्तुगीजांना दोष देता येणार नाही.

वसईला तर सबबच उरलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याच मातीतले, नंदाखालचे. त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं खर्ची घालून ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं, टिपांसह, आजच्या मराठीत. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आपण मिरवणुका काढल्या, फलक लावले. जुलै 2024 मध्ये ते गेले तेव्हा रांगा लागल्या. पण त्यांचं पुस्तक? मी ज्या ज्या घरी गेले तिथे ते दिसलं, काचेच्या कपाटात, लग्नाच्या चांदीच्या ताटाशेजारी, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. फादरांना याचं किती वाईट वाटलं असतं ते त्यांचं एक प्रवचन ऐकलेला माणूसही सांगेल. मोठं पुस्तक लिहिणाऱ्याचा सत्कार करायचा आणि ते फोडायचंसुद्धा नाही, हा अपमान आहे, आणि तो आपण प्रेमानं केला म्हणून लहान होत नाही.

*

नगरकडे वळते.

इथे पुस्तक आधी आलं आणि देऊळ नंतर. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी नवा करार 1811 मध्ये छापला. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला पोचले. त्यांच्या लेखी ख्रिस्ती होणं म्हणजे वाचायला शिकणं. म्हणून शाळा. म्हणून घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाया. आणि त्या शाळांत पुढे मोठ्या संख्येनं आलेली मुलं होती महारवाड्यातली, मांगवाड्यातली.

इथे मला थांबायचंय, कारण कुठल्या समाजात बायबल किती वाचलं जातं याचं खरं उत्तर इथे आहे असं मी मानते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सांगितलं गेलं होतं की शास्त्र तुमच्या कानांवर पडणंसुद्धा पाप, त्यांच्या हातात कोणीतरी एक आख्खं शास्त्र ठेवलं आणि म्हणालं, हे तुझं, उघड. त्या हातांनी ते ज्या भुकेनं उघडलं, ती भूक ज्याच्या घरात पोथ्या पिढीजात होत्या त्याला समजणार नाही. नगरची आजी पाळकसाहेबांची चूक काढायची तेव्हा आम्हाला हसू यायचं. आज कळतं, तिच्या आजोबांना गावच्या चावडीवर मान वर करायची सोय नव्हती. तिच्या हातात पुस्तक होतं, आणि पुस्तकाच्या बळावर ती उपदेश करणाऱ्याला विचारू शकत होती.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय ख्रिस्ती इतकं शास्त्र का वाचतात, याचंही कारण मला तसंच दिसतं. नॉर्थ कॅरोलायनानं 1830 मध्ये कायदाच केला की गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा. त्याआधी 1807 मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक बायबल छापलं होतं, कापून काढलेलं. इस्राएल लोक मिसर देशातून सुटतात तो निर्गम त्यातून गायब, योसेफ गुलाम होऊन निमूट राबतो ती गोष्ट शाबूत. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली अठ्ठाविसावी ओवी, जिथे दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असं पौल सांगतो, तीही नाही. मालकांना बरोबर माहीत होतं की कुठलं पान घातक आहे. आणि गुलामांनी तेच पान शोधलं. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम असताना लपून-छपून रविवारची शाळा चालवायचा, आणि एका वेळी चाळीसहून जास्त जण त्याच्याकडे वाचायला शिकायला यायचे. पकडले गेले असते तर फटके होते. त्यांची पतवंडं आज शास्त्र वाचतात, यात नवल कसलं!

आपल्याकडे पंडिता रमाबाई. वडिलांनी आईला संस्कृत शिकवलं म्हणून ज्या घराला गाव सोडून रानात राहावं लागलं, त्या घरची ही मुलगी. स्त्रियांना आणि शूद्रांना वेद नाही, हे तिनं पुस्तकात वाचलं नव्हतं, भोगलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली तिच्याभोवती होत्या. त्या मुलींना मराठी बायबलातलं संस्कृतप्रचुर मराठी कळत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग पन्नाशीच्या घरात ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत नव्यानं उतरवलं. छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. आणि मराठी मंडळ्यांनी तो बाजूला ठेवला. आजही आपल्या बहुतेक देवळांत रमाबाईंचं चित्र सापडेल, रमाबाईंचं भाषांतर सापडणार नाही. इथेही तेच काचेचं कपाट!

*

नगरच्या टेबलाला एवढ्यावर सोडत नाही. पुस्तक वाचता ना? मग गलतीकरांची ती अठ्ठाविसावी ओवी मुलीचं लग्न ठरवताना कुठे जाते? “ख्रिस्ती आहेत, पण आपल्यातले नाहीत,” हे वाक्य मी पवित्र शास्त्र मांडीवर असलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. मूळचे कोण, याची चौकशी पाळकाच्या नेमणुकीतसुद्धा होते. लंडनच्या छापखान्यानं ती ओवी कात्रीनं काढली होती, तुम्ही डोळ्यांनी काढता. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या सोयरिकीत हेच चालतं. या एका बाबतीत दोन्ही टेबलं एकाच ताटात जेवतात.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत, या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढतो. काढलेच पाहिजेत, मीही चालले आहे. पण दिल्लीला ‘आमच्यात जात उरली आहे’ म्हणून सांगायचं आणि देवळात ‘आमच्यात जात नाही’ म्हणून गायचं, हे एका तोंडानं कसं जमेल?

*

तिसरं टेबल त्या लग्नात नव्हतं, पण झपाट्यानं वाढतंय. हॉलमधल्या सभा, शनिवारचे उपास, पास्टर, प्रेझ द लॉर्ड. नंदुरबारच्या भिली आणि मावची बोलणाऱ्या पाड्यांपासून नव्या मुंबईच्या गाळ्यांपर्यंत. या लोकांकडे बघून नाक मुरडणारी दोन्ही जुनी घरं मला आवडत नाहीत. मी त्यांच्या सभांना बसले आहे. दिवसभर घरकाम करून आलेली बाई तिथे वही काढते, तारीख टाकते आणि पास्टर सांगेल तो संदर्भ लिहून घेते. रात्री अकराला घरी जाऊन तो शोधते. आपल्या जुन्या मंडळीत वही घेऊन येणारं शेवटचं माणूस कोण होतं, ते आठवून बघा.

पण यांनाही एक सांगायचंय. वचनांचं कॅलेंडर. जवळपास दर वर्षी त्यावर यिर्मया 29:11 असतं, देवाची तुमच्याविषयीची योजना चांगली आहे, भविष्य आणि आशा देणारी आहे, या अर्थाचं. फोटोत सूर्योदय. आता दहावी ओवी वाचा. ती म्हणते, बाबेलमध्ये सत्तर वर्षं भरल्यावर. हे पत्र बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बहुतेक परत जायच्या आधीच मरणार होते. त्याच्या थोडं आधी यिर्मया त्यांना सांगतो की तिथेच घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या शत्रूच्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. केवढं कठीण, केवढं मोठं पत्र! त्यातली एक ओळ कापून मार्च महिन्याच्या वर चिकटवली आणि नवऱ्याची नोकरी लागेल असा अर्थ तिला दिला, तर त्या वही घेऊन येणाऱ्या बाईला आपण फसवलं. ती भुकेली होती, तिला पूर्ण भाकरी द्यायला हवी होती. हॉलच्या भाड्याची काळजी असलेल्या पास्टरांनी हे पुढच्या डिसेंबरात, कॅलेंडर छापायला टाकण्यापूर्वी, मनावर घ्यावं.

*

एवढं भांडून झालं, आता मला झोप लागू देत नाही ती गोष्ट.

कोण जास्त वाचतं आणि कोण कमी, हा वाद आणखी वीस वर्षांनी संपणार आहे, कारण मराठी बायबल वाचू शकणारं कोणी उरणार नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार, शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही. त्यांतल्या मराठी घरांची मुलं जवळपास सगळी इंग्रजी माध्यमात. घरात बोलतात ते मराठी, कादोडी, वाडवळी. पण देवनागरीचं पान समोर आलं की जोडाक्षराशी अडतात. इंग्रजी बायबल त्यांना परकं वाटतं, मराठी बायबल त्यांना दिसतं पण उलगडत नाही. स्तोत्रसंहिता म्हणजे काय, नीतिमान म्हणजे काय, प्रायश्चित्त म्हणजे काय? नगरच्या आजीला चौथी शिकून जे कळत होतं ते तिच्या पणतीला एमबीए करून कळत नाही.

यावर मंडळ्यांनी काय केलं? बहुतेकांनी इंग्रजी उपासना सुरू केली, सकाळी साडेसातची. संडे स्कूल इंग्रजीत नेलं. सोपं होतं ते केलं. मुलांना अक्षर शिकवणं कोणाला सुचलं नाही, अन् ज्या मिशननं एकेकाळी झाडाखाली पाटी-पेन्सिल वाटून गावोगाव अक्षर पोचवलं तिचेच आपण वारस. मोबाइलवर बायबल आहे, ऐकायचं बायबलसुद्धा आहे, फुकट. मी त्याच्या विरोधात नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते वसईच्या आजीच्या सायंकाळसारखंच आहे. पण आजी मधे थांबून समजावून सांगायची. तो आवाज थांबत नाही.

*

माझी भाची वसईत राहते, नववीत आहे. आगमनकाळातल्या एका रविवारी तिला पहिलं वाचन करायला सांगितलं होतं. मी मुद्दाम गेले. ती वेदीपाशी गेली, वाचनाचं मोठं पुस्तक उघडं होतं, तिनं त्यावर मोबाइल ठेवला आणि वाचलं. छान वाचलं, न अडखळता. नंतर आवारात मी मोबाइल मागून बघितला. यशयाचा उतारा होता, मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. आदल्या रात्री आईला एकेक शब्द मोठ्यानं म्हणायला लावून तिनं तो तसा लिहून घेतला होता. दोन तास लागले म्हणाली.

मला रागावता आलं नाही. राचोलला 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं तेही रोमन अक्षरांतच. तेव्हा तिथे देवनागरी खिळे नव्हते म्हणून. चारशे वर्षांनी माझ्या भाचीच्या घरात देवनागरी आहे, आजूबाजूच्या प्रत्येक पाटीवर आहे, आणि तिला ते शिकवायला कोणी बसलं नाही म्हणून. ज्या पोरीनं एका उताऱ्यासाठी दोन तास घातले, तिच्याविषयी कोणी ‘ही पिढी बायबल वाचत नाही’ म्हटलं तर मी ते टेबल उलटवीन.

नगरच्या आजीचं पुस्तक आता माझ्याकडे आहे, लुगड्याच्या तुकड्यासकट. परवाच्या शनिवारी ते घेऊन वसईला गेले. कपाटातलं फादर दिब्रिटोंचं पुस्तकही काढलं, भाचीनंच नखानं प्लास्टिक फाडलं. दोन्हींत यशयाचा चाळिसावा अध्याय उघडला आणि शेजारी-शेजारी ठेवला. बोट ठेवून वाचत होती. जोडाक्षर आलं की थांबायची, फोडून म्हणायची, पुन्हा जोडायची. दोन भाषांतरांत शब्द वेगळे दिसले की विचारायची की यातला खरा कुठला. पाऊण तासात पाच ओव्या झाल्या.

आजीच्या पुस्तकाच्या पुढच्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्मांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या तारखा आहेत, तिच्या हस्ताक्षरात. त्यात भाचीला माझ्या आईचं नाव सापडलं. तेवढं मात्र ती एका दमात वाचू शकली.

पुढच्या शनिवारी सहाव्या ओवीपासून. गवताबद्दल आहे, तिनं आधीच बघून ठेवलंय.